दोनदा हललेलं शून्य

नत्थूजी निनाव्यांच्या सक्करदऱ्याच्या अंगणात सरकारी बोरिंगचा ट्रक शिरला, तेव्हा त्यांचे जावई मार्तंड पराते कचेरीत पेढे वाटत होते. पेढे त्या बोरिंगचेच होते. ते बोरिंग सासऱ्याच्या अंगणात चाललंय याचा मार्तंडला पत्ता नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर त्या दिवशी अर्ध्या नागपूरनं घेतला तो संशय तुम्हीही घ्याल.

साल सत्त्याऐंशी. पाणीखात्यात वर्षभरापूर्वी संगणक आला होता. खात्यातल्या एकमेव गार खोलीत तो बसवला होता आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. मोठ्या साहेबांच्या खोलीतही लोक चपला घालून जात, त्यामुळे खात्यात खरा मान कुणाला हे चपराशालाही कळून चुकलं होतं. त्या संगणकाचा पुजारी म्हणजे मार्तंड. उमरेडच्या विणकर घरातला हा मुलगा, गणितात एम.एस्सी., आणि स्वतःवर विश्वास इतका की घड्याळ आणि तो यांच्यात फरक पडला तर तो घड्याळ लावून घ्यायचा.

शहरात बोरिंग कुठं खोदायचं हे तोवर पुढारी ठरवत. म्हणजे ज्याचा मेहुणा जोरात, त्याच्या दारात पाणी. मार्तंडनं हे सगळं मोडीत काढलं. शहरातल्या सगळ्या सार्वजनिक विहिरी आणि सगळ्या वस्त्या त्यानं संगणकाला सांगितल्या आणि एकच नियम घालून दिला: ज्या वस्तीला विहीर सगळ्यात लांब, तिला पाणी सगळ्यात आधी. खात्याच्या सभेत त्यानं छाती काढून सांगितलं होतं, "संगणकाले ना मामा असते, ना मेहुणा, ना सासरा." एवढ्यावर थांबला असता तर तो मार्तंड कसला. त्यानं एक हुकूमही काढून घेतला. खुंटी जिथं ठोकली जाईल, बोरिंग तिथंच होईल. बोटभर सरकवेल तो घरी बसेल.

मोठे साहेब, म्हणजे डोंगरेसाहेब, पुण्याकडचे, सावध, आणि आपल्या बंगल्यातल्या गुलाबांना जपणारे. ते म्हणाले होते, "पराते, पहिलं बोरिंग बरोबर आलं तर पुढची सगळी तुमची. चुकलं, तर ते बुजवायचं, तुमच्या यंत्रावर चादर घालायची, आणि आम्ही पुन्हा पुढाऱ्यांना विचारणार."

"चुकेलच कसं, साहेब?" मार्तंड म्हणाला होता.

पहिला नंबर लागला सक्करदऱ्याच्या तलावामागच्या वस्तीचा. तिथल्या बाया भर उन्हात दोन गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, डोक्यावर घेऊन तलावाला वळसा घालून पाणी आणत. त्यांच्यातली तुळजाबाई दोन उन्हाळे खात्याच्या पायरीवर येऊन बसली होती. भांडण नाही, तंटा नाही, नुसती बसायची. त्या वर्षी वस्तीच्या वाट्याला एकच बोरिंग मंजूर होतं. ते हुकलं, तर गोष्ट पुढच्या वर्षावर.

आता एक जरा बारीक गोष्ट सांगतो, पण ती सोपी आहे. नकाशावरची जागा संगणकाला बोट ठेवून दाखवता येत नाही. आकड्यांत सांगावी लागते: अमुक खुणेपासून इतकं पूर्वेला, इतकं उत्तरेला. त्या खुणेला म्हणायचं शून्य. खात्याची जुनी शून्यखूण म्हणजे जुन्या कचेरीच्या आवारातला एक दगड. पुढं कचेरी हलली, तीन गल्ल्या पलीकडं नव्या इमारतीत गेली. तेव्हाच्या साहेबांना वाटलं, कचेरी इथं आणि शून्य तिथं, हे काही शोभत नाही. म्हणून त्यांनी नव्या आवारात खांब उभारून शून्यही तिथं आणलं. झालं असं, की नकाशाच्या जुन्या शिटा दगडापासून मोजलेल्या आणि नवी मोजणी खांबापासून. मार्तंडच्या प्रोग्रॅमचं पहिलं काम हेच होतं: जुने आकडे घ्यायचे, दगड आणि खांब यांतलं अंतर त्यात मिळवायचं, आणि आकडे नव्या शून्याचे करून टाकायचे. बाकीच्या शिटांवर त्यानं ते तपासून पाहिलं होतं. अगदी चोख.

पेढ्याचा डबा अर्धा झाला आणि फोन वाजला.

"जावईबापू, मानलं तुम्हाले," नत्थूजींचा आवाज आनंदानं फाटून चालला होता. "बोललेही नाही अन् करून दाखवलं."

"काय झालं, मामाजी?"

"काय झालं म्हणता? बोरिंगचा ट्रक उभा आहे ना अंगणात. काल सांजच्याले मोजणीवाले खुंटी ठोकून गेले, बरोबर माह्या झुल्याखाली. मी म्हटलं, जावयानं गुपचूप केलं, तं आपणही गुपचूप राहावं. झुला काढला. ट्रक फाटकातून जाऊन नव्हता राहिला, तं वस्तीकडची भिंतच पाडली. शोभालेही बोलावून घेतलं पूजेले. तुम्ही येऊन राहिले ना?"

मार्तंडच्या हातातला पेढा हातातच राहिला. नत्थूजींच्या अंगणात बारमाही विहीर होती. त्यांना बोरिंगची गरज गांधीबागेतल्या त्यांच्या कापडाच्या दुकानाला नांगराची असावी इतकीच.

तो चपला काढून संगणकाच्या खोलीत गेला आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. तेच आकडे. आणखी एकदा चालवला. तेच आकडे. त्याला धीर आला. विचारल्यावर प्रत्येक वेळी तेच उत्तर देणारा प्राणी त्यानं खात्यात दुसरा पाहिला नव्हता. म्हणजे यंत्र बरोबर होतं. प्रोग्रॅम बरोबर होता, कारण तो त्यानंच लिहिला होता. मोजणीवाल्यांनी खांबापासूनच्या खुणा धरून फीत लावली होती, ती बरोबरच असणार. मग चुकलं काय? एक एक गोष्ट बाजूला काढत गेल्यावर शेवटी चुकायला एकच गोष्ट शिल्लक राहिली, आणि ती म्हणजे नत्थूजींचं घर.

हा निष्कर्ष काढताना त्याला जराही हसू आलं नाही. नकाशे काढणारे भैयाजी बाहेर गेले होते. त्यांना मूळ शीट घेऊन सक्करदऱ्याला यायचा निरोप ठेवून त्यानं स्कूटरला लाथ मारली.

अंगणात नुसता धुरळा होता. यंत्र धडधडत जमिनीत उतरत होतं आणि मिस्त्री ताराचंद डोक्याला पंचा गुंडाळून त्याच्याजवळ उभा होता. नत्थूजी नवं धोतर नेसून पाहुण्यांना चहा देत होते. त्यांची लेक, म्हणजे मार्तंडची बायको शोभा, हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. आणि पाडलेल्या भिंतीच्या खिंडारात वस्तीतल्या बाया रिकामे गुंड कमरेवर घेऊन मुकाट्यानं हे सगळं पाहत होत्या. सगळ्यांच्या पुढं तुळजाबाई.

"साहेब," ती म्हणाली, "दोन उन्हाळे मी तुमच्या पायरीवर बसली. तुम्ही म्हणत होते, यंत्र कोणाले ओळखत नाही. हे तं घरच्याच माणसाले ओळखून राहिलं."

मार्तंडच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आयुष्यात त्याला कुणी वशिल्याचा माणूस म्हटलं नव्हतं. तो मातीच्या ढिगावर चढला.

"तुळजाबाई, यंत्र बरोबर आहे. ही जागा तुमच्या वस्तीचीच आहे. हे घर चुकीच्या जागी आहे."

"कोणतं घर?" चहाचा कप हातात धरून नत्थूजींनी विचारलं.

"हेच, मामाजी. तुमचं."

नत्थूजींनी आधी घराकडे पाहिलं, मग जावयाकडे. "बारा वर्षं झाली मले इथं राहून. पोरीचं लग्न याच अंगणात लावलं. तुम्ही याच फाटकाशी घोड्यावरून उतरले. तवा घर बरोबर जागी होतं का नव्हतं?"

"तेव्हा मोजलं नव्हतं," मार्तंड म्हणाला.

शोभानं ताट ओट्यावर ठेवलं. "अहो, काय बोलून राहिले तुम्ही? बाबांनी घर नेऊन ठेवावं तरी कुठं?"

"न्यायचं असं नाही. पण हिशेबानं ते तीन गल्ल्या पलीकडं असायला पाहिजे."

आता असं बघा, ज्या माणसांना वर्षानुवर्षं काही मिळत नाही, त्यांना सरकारी साहेब स्वतःच्या तोंडानं सांगतो की हे अंगण तुमचं, तर ती काय खिंडारात उभी राहतील? तुळजाबाई आत आली आणि ओट्यावर बसली. तिच्यामागून बाकीच्या आल्या. एकीनं विहिरीत वाकून पाणी किती आहे ते पाहिलं. दुसरी म्हणाली, जागा चांगली ऐसपैस आहे. एका म्हातारीनं नत्थूजींना प्रेमानं विचारलं, "भाऊ, तुम्ही मंग कवा जाता?"

नत्थूजींच्या तोंडचं पाणी पळालं. ते ताराचंदकडे धावले. "बंद कर. बंद कर हे."

"सेठजी, ऑर्डर आहे," ताराचंद शांतपणे म्हणाला. "खुंटी जिथं, बोरिंग तिथं. मी थांबलो तं माही नोकरी जाते. परातेसाहेबांचाच हुकूम आहे."

"मग तुम्ही सांगा त्याले," नत्थूजी जावयाकडे वळले.

"मामाजी, यंत्र बरोबर असताना मी कसं थांबवू?"

"शोभे," नत्थूजी लेकीला म्हणाले, "एम.एस्सी. केलेला पाहून दिला होता गं तुले."

एवढ्यात भैयाजी सायकलवरून आले. पाठीला नकाशाची लांब नळी. भैयाजींचा हात असा, की त्यांनी काढलेला नाला पाहून माणसाला तिथं बसून डबा खावासा वाटे. मार्तंडनं त्यांना ओट्यावरच शीट उलगडायला लावली.

"भैयाजी, सगळ्यांसमोर दाखवा. हे घर शिटेवर कुठं आहे?"

भैयाजींनी बोट ठेवलं. "हे काय, आहे तिथंच आहे."

"आणि बोरिंग?"

"ते इकडं, वस्तीतल्या निंबाच्या बाजूले. मोकळी जागा आहे ना."

मार्तंडनं शीट स्वतःकडे ओढली. भैयाजींनी वस्तीशेजारी सुबक अक्षरांत आकडे लिहिले होते. संगणकात घातलेले तेच आकडे. ते पाहता पाहता त्याला पहिल्यांदाच यंत्राबाहेरची एक शंका आली.

"भैयाजी, हे आकडे कोणत्या शून्यापासूनचे?"

"नव्या. खांबापासूनचे."

"पण सगळ्या शिटा जुन्या शून्याच्या आहेत ना?"

"बाकीच्या जुन्याच. ही शेवटची, अन् हाताले काम नव्हतं," भैयाजी खुशीत म्हणाले. "म्हटलं, साहेबांचा ताप वाचावा. दगडाचे आकडे खांबाचे करून टाकले मीच. बरोबर आहेत ना?"

अगदी बरोबर होते, तिथंच तर घात झाला. सुनेनं भाजीत मीठ घालावं, सासूनं येता जाता पुन्हा घालावं, आणि दोघींनीही ते मोजून घालावं, तसं झालं होतं. एकदा भैयाजींनी शून्य हलवलं होतं, आणि मग प्रोग्रॅमनं इमानदारीनं आणखी एकदा हलवलं होतं. दगड आणि खांब यांत तीन गल्ल्यांचं अंतर, म्हणून बोरिंगही तीन गल्ल्या सरकून थेट झुल्याखाली आलं होतं. नत्थूजींचं घर बिचारं कुठंही गेलं नव्हतं.

मार्तंड मातीच्या ढिगावरून खाली उतरला. तेवढ्यात यंत्राचा आवाज बदलला, ताराचंद मागं सरकला, आणि जमिनीतून गढूळ पाण्याचा लोट उसळला. बाया पुढं झाल्या. त्याच क्षणी खिंडारातून डोंगरेसाहेबांची जीप आत आली.

"वा," साहेब उतरता उतरता म्हणाले, "पाणी लागलं की. अभिनंदन, पराते. पण हे तर कुणाचं तरी अंगण दिसतंय."

संगणकाची अब्रू आता मार्तंड काय बोलतो यावर होती. घर चुकलंय असं पुन्हा एकदा ठासून सांगितलं असतं तर साहेबांना ते पटलंही असतं, कारण आकडे त्याच्या बाजूनं होते. पण सकाळपासून पहिल्यांदाच त्याला सासऱ्याचा पडलेला चेहरा दिसला आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटली.

"साहेब, घर बरोबर आहे. बोरिंग चुकलं," तो म्हणाला. "शून्य दोनदा हललं. यंत्राचा दोष नाही, भैयाजींचाही नाही. एका ठिकाणी विचारायला पाहिजे होतं, ते मी विचारलं नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. "चुकलं म्हणजे चुकलंच?"

"चुकलंच."

"मग बुजवा. ठरलंय तसं. बाई, तुमच्या वस्तीचं पुढच्या वर्षी बघू."

तुळजाबाईचा गुंड अर्धा भरला होता. तिनं तो उचलला नाही आणि ओतलाही नाही. त्याच्याशेजारी ती जमिनीवर बसली, पायरीवर बसायची तशीच, आणि म्हणाली, "लागलेलं पाणी बुजवता, साहेब?" मार्तंडला वर बघवेना.

नत्थूजी सगळ्यांकडे पाहत होते. आयुष्यभर त्यांनी गज हातात धरून कापड मोजलं होतं, त्यामुळे त्यांचा हिशेब झटपट झाला. भिंत गेली होती. झुला गेला होता. बोरिंग बुजवलं की अंगणही जाणार होतं. लेकीचा नवरा कचेरीत मान खाली घालून बसणार होता. आणि उद्या गांधीबागेत दुकान उघडलं की शेजारचे दुकानदार विचारणार होते, नत्थूजी, जावयानं तुमचं अंगण चुकीनं खोदलं म्हणतात? हे शेवटचं त्यांना अजिबात सहन होण्यासारखं नव्हतं. त्यात शोभा त्यांच्याकडे एकटक बघत होती. ते खाकरले.

"चूक? माह्या जावयाची चूक कोण म्हणते?"

"तुमचे जावईच म्हणतायत," साहेब म्हणाले.

"त्याईले सवय आहे, सगळं आपल्या अंगावर घ्यायची. मीच म्हटलं होतं त्याईले, वस्तीच्या बाया उन्हात मरून राहिल्या, बोरिंग माह्या अंगणात करा. हा कोपरा मी वस्तीले दिला. कायमचा दिला. नाहीतर साहेब, भिंत काय मी उगाच पाडली?"

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. बोरिंग येण्याआधी स्वतःच्या हातानं भिंत पाडणारा माणूस त्यांनी नोकरीत पाहिला नव्हता. त्यांचा आवाज जड झाला. "पराते, हे तुम्ही लपवलंत?"

"नाही साहेब, खरंच शून्य दोनदा—"

"अहो," शोभा दात आवळून म्हणाली, "आता तं गप्प राहा."

तुळजाबाई उठली. नत्थूजींच्या पायाशी वाकायला गेली, तर ते दोन पावलं मागं सरकले आणि म्हणाले, "राहू दे वं बाई. आधी गुंड भर." त्यांचे डोळे पाणावले होते. ते भिंतीसाठी की वस्तीसाठी, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गांधीबागेत त्यांना तिघांनी दानशूर म्हटलं, तेव्हापासून तर त्यांचाही विश्वास बसला की आपण जावयाला तसं सांगितलं होतं.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण डोंगरेसाहेबांना त्या दिवशी एक पद्धत सापडली होती. सोमवारी त्यांनी मार्तंडला बोलावलं.

"पुढची शीट धरमपेठेची ना? ती याच पद्धतीनं करा. शून्य दोनदा हलवून."

"साहेब, ती पद्धत नाही, ती चूक होती," मार्तंडनं घसा कोरडा पडेपर्यंत दगड, खांब आणि तीन गल्ल्या समजावून सांगितल्या. भाजीतलं मीठही सांगितलं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "पराते, गणित तुमचं बरोबर असेल. पण मला खातं चालवायचंय. एकदा हलवलं की जागा रस्त्यात येते, आणि मग तिथं पुढारी भांडतात. दोनदा हलवलं की दानशूर माणूस मिळतो. दोनदाच हलवा. यात बोटभरही फरक करायचा नाही."

हुकूम तो हुकूम. मार्तंडनं आकडे काढले, आणि आता शहाणा झाल्यामुळे ते नुसते कागदावर न ठेवता भैयाजींकडून शिटेवर टिंब करून घेतलं. बोरिंग मिळायचं होतं नाल्याकाठच्या झोपड्यांना. टिंब नाला ओलांडून, तीन गल्ल्या सरकून, बंगल्यांच्या रांगेत जाऊन बसलं. भैयाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि पेन्सिल खाली ठेवली.

"कोणाचा बंगला आहे हा?" मार्तंडनं विचारलं.

भैयाजींनी दाराकडे एकवार पाहून सांगितलं. टिंब बरोबर गुलाबांच्या वाफ्यात पडलं होतं, हेही सांगितलं.

मार्तंड शीट घेऊन साहेबांच्या खोलीत गेला. "साहेब, ट्रक पाठवण्याआधी एकदा नजर टाकता का?"

"दोनदा हलवलंत?"

"दोनदा."

"मग बघायचं काय त्यात?" साहेबांनी दुसऱ्या कागदातून मान वर न काढता शिटेच्या कोपऱ्यात सही केली. "जागेचा मालक माणूस म्हणून कसा आहे? उदार आहे ना?"

"ते मी कसं सांगू? तुम्ही त्यांना जास्त ओळखता, साहेब."

"असं का? मग तर काळजीच मिटली," साहेब खूष झाले. "फक्त त्याला आजच सांगून ठेवा. ऐन वेळी कुरकुर नको."

"सांगितलं, साहेब," मार्तंड म्हणाला आणि शीट गुंडाळून बाहेर पडला.